कव्हर छापण्याआधी बायंडरला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाचं पत्र होतं. साडेतीनशे रुपयांचं नवं पुस्तक दुसऱ्यांदा उघडलं तेव्हाच पाठीच्या कडेला पांढरी रेघ उमटली, तिथला रंग खपलीसारखा निघून आला, आणि हल्लीचे बायंडर कामचुकार झालेत, असं त्यांनी लिहिलं होतं. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या आहेत, त्या खऱ्याच असणार. तिसरी वाचून मात्र जीव खाली-वर झाला. मी सांगलीत गावभागात सत्तावीस वर्षं बायंडिंगचं काम करते. माझ्याकडे चार बायका कामाला आहेत. त्या सकाळी दहाला येतात, संध्याकाळी साडेसहाला जातात आणि दिवसभर मान खाली घालून कागद मोडतात, जुळवतात, चिकटवतात. त्यांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण गोष्टच अशी आहे की अर्धी सांगून उपयोग नाही.

ती पांढरी रेघ येते ती कव्हरला क्रीज नीट न मारल्यामुळे. क्रीज म्हणजे कव्हर जिथे मोडायचं तिथे मशीनने आधी दाबून घेतलेली रेघ. ती मारतो आम्ही, हे खरं. पण ती नीट बसणार की नाही हे निम्म्याहून अधिक वेळा कव्हर आमच्या टेबलावर येण्याआधीच ठरून गेलेलं असतं. कार्ड कोणतं घ्यायचं, ते शीटवर कसं लावायचं, लॅमिनेशन, म्हणजे कव्हरवर प्लॅस्टिकची पातळ फिल्म, करायचं की वाचवायचं, पुस्तकाची पाठ किती जाड धरायची, हे सगळं लेखक, प्रकाशक आणि छापखाना यांच्यात ठरतं. त्या बैठकीत बायंडरला खुर्ची नसते. गठ्ठा रिक्षातून उतरतो तेव्हाच आम्हाला पुस्तकाचं नाव कळतं, आणि त्याच रिक्षातून निरोप येतो की रविवारी प्रकाशन आहे.

माझे सासरे या धंद्यात मुरलेले होते. त्यांच्या काळी आमच्या दुकानाचं मुख्य काम म्हणजे हळदीच्या व्यापाऱ्यांच्या खतावण्या आणि रोजमेळ. लाल कापडाच्या, दोऱ्याने शिवलेल्या, चांगल्या चार बोटं जाड चोपड्या. वर्षभर दिवसातून पन्नास वेळा उघडायच्या, हळदीने माखलेल्या हातांनी उघडायच्या, तरी पाठ हलायची नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला पहिली गोष्ट दाखवली ती पुठ्ठा आणि पाठ यांच्यामध्ये सोडायची जागा. पुठ्ठा पाठीला अगदी भिडवायचा नाही. मध्ये कापडाची एक बारीक पन्हाळ ठेवायची, म्हणजे दाराला बिजागरी असते तसं पान तिथे वळतं आणि पाठीवर ताण येत नाही. हाडाच्या पट्टीने ती पन्हाळ घासून बसवताना ते म्हणायचे, "पुस्तक इथनं उघडतं. पाठीतनं उघडलं तर ते मोडलं म्हणायचं." आजचं कार्डाचं कव्हर कितीही चकचकीत असलं तरी त्यालाही कुठून तरी उघडावंच लागतं. ती पन्हाळ आता क्रीजने करायची असते, एवढाच फरक.

पुष्कळ लोकांना वाटतं, आणि छापखान्यातल्याही काही जणांना वाटतं, की क्रीज म्हणजे कार्ड अर्धवट कापणं. जितकी खोल तितकी चांगली. तसं नाही. कार्ड म्हणजे एकावर एक बसलेले तंतूंचे थर. वरून मशीनची पोलादी पट्टी येते, खाली तिच्या बरोबर समोर खाच असते. कार्ड त्या खाचेत दाबलं गेलं की तेवढ्या रेषेवर थर एकमेकांपासून सुटे होतात. तंतू तुटत नाहीत, सुटतात. पट्टीच्या बाजूला बारीक चर पडतो आणि उलट्या बाजूला वळी उठते, धोतराच्या काठासारखी. ही वळी घडीच्या आत गेली पाहिजे. आतले सुटे थर त्या वळीत जमा होतात आणि बाहेरच्या थराला ओढ बसत नाही. उलटं केलं, म्हणजे चर आत घेऊन घडी घातली, की बाहेरच्या थराला लांबचा वळसा पडतो आणि तो फाटतो. नवीन आलेल्या बाईचा हात हमखास चुकतो, कारण चर बघितला की कार्ड तिकडेच वाकायचं असणार असं वाटतं. मी प्रत्येकीला पहिल्या दिवशी एकाच कार्डाच्या दोन पट्ट्या देते, एक सुलट मोडायला, एक उलट. नखाने दोन्हींच्या घडीवरून दोनदा घासायला लावते. एकीवर काही दिसत नाही, दुसरीवर पांढरं दिसतं. त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. कागद तयार होताना तंतू मशीनच्या धावेबरोबर एका दिशेने झोपतात. त्याला ग्रेन म्हणतात. माझे सासरे 'कागदाचा कल' म्हणायचे आणि मला तोच शब्द आवडतो. कव्हरचा कल पुस्तकाच्या पाठीला समांतर हवा, वरून खाली. तसा असला की घडी तंतूंच्या बरोबरीने जाते आणि मऊ बसते. कल आडवा असला की घडीवर प्रत्येक तंतू काडीसारखा मधोमध वाकतो. जाड कार्डात तो मोडतोच. मग पट्टी बदला, खाच बदला, हात जपून वापरा, थोडाफार फरक पडतो, पण दुखणं जात नाही. आणि नुसतं कव्हरच कुठे, आतल्या पानांचा कलही पाठीला समांतर नसेल तर पुस्तक उघडं राहत नाही, हात सोडला की मिटतं, पावसाळ्यात पाठीजवळ पानांना लाटा येतात.

कल ओळखायला यंत्र लागत नाही. कार्डाचा तुकडा हाताने उभा फाडा, मग आडवा फाडा. ज्या दिशेने सरळ फाटतो तो कल. ज्या दिशेने वेडावाकडा, कड सोलत फाटतो तो आडवा. किंवा कोऱ्या कार्डाचा बोटभर चौकोन एका बाजूने ओला करा. तो लगेच पन्हळीसारखा वळतो आणि त्या पन्हळीची लांबी कलाच्या दिशेने असते. सासरे जिभेला लावून बघायचे, मी पाण्याच्या वाटीत बोट बुडवते. सारख्या मापाच्या दोन पट्ट्या, एक उभी कापलेली आणि एक आडवी, टेबलाच्या कडेवरून बाहेर धरल्या तर जी जास्त लोंबते ती कलाच्या आडवी कापलेली असते. यातलं काहीही करायला एक मिनिट पुरतं, फक्त ते छपाईची प्लेट काढण्याआधी करावं लागतं.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, अंगावर घेतलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांचं आत्मकथन आमच्याकडे आलं. ५०० प्रती. निवृत्तीच्या पैशातून छापलेलं पुस्तक. कव्हर ३०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट कार्डावर, गडद मरून रंग, कडेपासून कडेपर्यंत भरलेला. लॅमिनेशन नाही, खर्च वाचवायला नुसतं वॉर्निश. एका शीटमध्ये एक कव्हर जास्त बसावं म्हणून छापखान्याने कव्हरं आडवी फिरवली होती. गठ्ठा सोडताना कोपऱ्यातला एक वाया गेलेला तुकडा मी सवयीने फाडला आणि माझ्या लक्षात आलं. कल आडवा होता. वर गडद रंग, खाली पांढराशुभ्र गाभा. त्या क्षणी फोन उचलायला हवा होता. मी उचलला नाही. रविवारी कार्यक्रम होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, मास्तर दोनदा दुकानावर येऊन बायकांना पेढे देऊन गेले होते. मी पट्टीखालची खाच रुंद केली, दाब कमी केला, कव्हरं रात्रभर दमट हवेत ठेवली आणि काम काढलं. शनिवारी संध्याकाळी ते न्यायला आले. एक प्रत हातात घेतली, उघडली, मिटली. मग अंगठा पाठीच्या कडेवरून वरून खाली नेला. तिथे कोणी खडूने आखावी तशी रेघ आली होती. त्यांनी अंगठा पुसला आणि पुन्हा एकदा नेला, धूळ असेल तर जाईल म्हणून. मला काही म्हणाले नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं, कल आडवा होता हे आणि मला ते आधी कळलं होतं हेही. कार्यक्रम त्याच प्रतींवर झाला. नंतर २०० प्रतींची कव्हरं नव्याने छापून घेतली, निम्मा खर्च मी दिला, बायंडिंग पुन्हा करून दिलं. छापखान्याने आपली चूक मानली नाही आणि मी त्यांच्याशी भांडले नाही, कारण गप्प राहण्यात माझाही वाटा होता. पण तेव्हापासून मी नियम केला आहे. कल आडवा असला तर काम थांबवायचं, ग्राहकाला बोलवायचं, त्याच्यासमोर एक कव्हर मोडून दाखवायचं आणि मग तो म्हणेल तसं करायचं. दोन-तीन कामं यामुळे गेली. जाऊ देत.

कल बरोबर आला तरी मशीन लावणं उरतंच. आमच्याकडे पायडलचं क्रीझिंग मशीन आहे. त्यात पट्टीची जाडी आणि खाचेची रुंदी यांचं कार्डाच्या जाडीशी गणित असतं. कार्डाची जाडी दुप्पट करायची आणि त्यात पट्टीची जाडी मिळवायची, तेवढी खाच रुंद. ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड साधारण ०.३ मिलिमीटर भरतं. पट्टी दोन पॉइंटची, म्हणजे ०.७ मिलिमीटर. तर खाच १.३ मिलिमीटर. खोली साधारण कार्डाच्या जाडीएवढी. कार्डाची जाडी जीएसएमवरून अंदाजाने धरू नये, दोन कंपन्यांचं सारख्या वजनाचं कार्ड वेगळ्या जाडीचं निघतं. दहा तुकडे एकत्र दाबून मोजावेत आणि दहाने भागावं. खाच अरुंद झाली तर पट्टी कार्डाला कापते. फार रुंद झाली तर वळी धड उठत नाही आणि घडी रेघ सोडून कुठेतरी बाजूला पडते. कालच्या कामाला लावलेली खाच आजच्या कार्डाला तशीच वापरायची, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि त्या बाबतीत त्या वाचकांचा राग मला मान्य आहे. घाईत होतं तसं.

पट्टीची धार नसावी, तिचं तोंड गोल आणि गुळगुळीत असावं, हे मला महापुराने शिकवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. कागद गेला तो गेलाच. मशीन लोखंडी, वाचलं. आम्ही चिखल धुतला, तेल घातलं, पट्टी काढून झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत केली आणि दिवाळीआधी काम सुरू केलं. पण प्रत्येक कव्हरवर वरच्या कडेपासून दोन इंचांवर बारीकशी चीर दिसायला लागली. प्रत्येक कव्हरवर त्याच जागी. कार्ड बदललं, खाच बदलली, दाब कमी केला, चीर जाईना. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी कापसाचा बोळा घेतला आणि पट्टीच्या तोंडावरून हळूहळू फिरवत नेला. दोन इंचांवर कापसाचा एक तंतू अडकला. डोळ्यांना दिसत नव्हता असा गंजाचा खड्डा तिथे पडला होता. नवी पट्टी बसवली, चीर गेली. आता दर सोमवारी मशीन सुरू करण्याआधी पट्टीवरून कापूस फिरतो.

परफेक्ट बायंडिंगच्या पुस्तकाला, म्हणजे पाठीला गरम डिंक लावून कव्हर चिकटवतात त्याला, चार क्रीज लागतात. दोन पाठीच्या दोन कडांना. आणि पाठीपासून सहा-सात मिलिमीटर सोडून पुढच्या-मागच्या कव्हरवर एकेक. या बाहेरच्या दोन म्हणजे माझ्या सासऱ्यांची पन्हाळ. कव्हर उघडताना तिथे वळलं की पाठीच्या कडेवर ओढ येत नाही आणि पहिलं-शेवटचं पान डिंकातून उचकटत नाही. यातली मेख अशी की पाठीच्या क्रीज आणि बिजागरीच्या क्रीज एकाच बाजूने मारून चालत नाही. पाठीवर कव्हर आत वळतं, म्हणून पट्टी छापलेल्या बाजूने पडायला हवी. बिजागरीवर ते बाहेर वळतं, म्हणून तिथे पट्टी आतल्या कोऱ्या बाजूने. मोठ्या शहरांतल्या महाग मशीनमध्ये एकाच फेरीत वर-खाली दोन्हीकडून क्रीज मारायची सोय असते. आमच्याकडे सगळी कव्हरं एकदा सुलटी जातात, मग गठ्ठा उलटा करून, गेज (कव्हर जिथे टेकवतात ती आडपट्टी) बदलून पुन्हा जातात. १००० प्रतींचं पुस्तक म्हटलं की ४००० वेळा पायडल. म्हणून बाजारात फक्त पाठीच्या दोनच क्रीज मारून पुस्तकं निघतात. दोनच का, असं विचारलं तर उत्तर येतं, गिऱ्हाईक चारचे पैसे देत नाही. आणि गिऱ्हाइकाला तर चार असतात हेच कोणी सांगितलेलं नसतं. मी आता कोटेशनवर 'क्रीझिंग, चार' असा वेगळा रकाना लिहिते, आणि पैसे कमी करायला सांगितलं तर लॅमिनेशनचा प्रकार बदला म्हणते, हा रकाना खोडू नका म्हणते.

पाठीची जाडी हा दुसरा घोळ. ७० जीएसएमच्या मॅपलिथोची, म्हणजे आतल्या पानांच्या साध्या पांढऱ्या कागदाची, २०० पानं म्हणजे १०० कागद, साधारण नऊ मिलिमीटर. कव्हर करणारा मुलगा कॉम्प्युटरवर नऊ धरतो आणि मोकळा होतो. पण एका मिलचा मॅपलिथो फुगीर असतो, दुसऱ्याचा दाबलेला. त्यात छपाईच्या आदल्या दिवशी कोणाचा तरी अभिप्राय येतो, फोटो येतात, आणि एक फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांची एक घडी, वाढतो. १६ पानं म्हणजे आठच कागद, पण पाठीत पाऊण मिलिमीटरची भर. कव्हर आधीच छापून झालेलं. मग पाठीवरचं नाव एका कडेला सरकतं, क्रीज कुठे मारायची तेच कळत नाही. नावाप्रमाणे मारावी तर पानांचा गठ्ठा मावत नाही, गठ्ठ्याप्रमाणे मारावी तर पुढच्या कव्हरचा रंग पाठीवर येतो. हे टाळायला एकच गोष्ट लागते. ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कोऱ्या कागदाची, तेवढ्याच पानांची नमुना प्रत बायंडरकडून करून घ्यायची, ती दाबात ठेवून मोजायची आणि त्यात डिंकासाठी केसभर मिळवून कव्हरवाल्याला आकडा द्यायचा. नमुना प्रतीला कागदाशिवाय खर्च नाही. आम्ही त्याचे पैसे घेत नाही, माझ्या माहितीत कोणीच घेत नाही.

हवेचं थोडक्यात सांगते. एप्रिल-मेमध्ये सांगलीत चाळिशीच्या आसपास पारा गेला की कार्ड पापडासारखं होतं, चांगल्या कलाचं कार्डही घडीवर तडकतं. त्या दिवसांत मी खोलीत ओली पोती टांगते आणि दुपारी क्रीज मारत नाही, सकाळी मारते. पावसाळ्यात उलटं. लॅमिनेशनची फिल्म पाणी घेत नाही, मागचा कागद घेतो आणि फुगतो, त्यामुळे कव्हर छापलेल्या बाजूला वळतं आणि गेजला नीट टेकत नाही. टेकलं नाही की क्रीज तिरपी. म्हणून कव्हरं बाहेरून आली की निदान एक रात्र आमच्या खोलीतल्या हवेत, सपाट, वर फळी ठेवून पडू द्यावी लागतात. "आज दिलंय, आज करा" या मागणीत नेमकी ही रात्र जाते.

कमी प्रतींची पुस्तकं आता बहुतेक डिजिटलवर निघतात. चांगली गोष्ट आहे, पन्नास प्रती काढून एखादी ताई आपल्या कविता घरच्यांना देऊ शकते. पण डिजिटलमध्ये रंग कागदात मुरत नाही, टोनरचा, म्हणजे भुकटीच्या शाईचा, थर वर बसतो, आणि मशीनच्या उष्णतेने कार्ड सुकून निघतं. घडीवर तो थर आधी तडकतो. तेव्हा डिजिटल कव्हरला लॅमिनेशन हवंच, तेही क्रीज मारण्याआधी. आणि पाठीवरून गडद रंग नेण्याचा हट्ट असेल तर ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरच्या नेहमीच्या छपाईलाही, तेच लागू. रंग फिका असेल तर बारीकशी तडक लपून जाते. मरून, काळा, गडद निळा काही लपवत नाहीत.

कटिंगबद्दल एकच. क्रीजचं माप कव्हरच्या ज्या कडेपासून घ्यायचं ती कड सगळ्या कव्हरांवर छपाईपासून सारख्या अंतरावर असायला हवी. एकदम जाड गठ्ठा कटिंगला लावला की पात्याखाली वरची कव्हरं ओढली जातात आणि वरच्या-खालच्यांत मिलिमीटरचा फरक पडतो. मग मशीनवर बसलेल्या बाईने कितीही जीव लावला तरी निम्म्या प्रतींची क्रीज चुकलेलीच.

२००८ मध्ये सांगलीत ८१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, म. द. हातकणंगलेकर सर अध्यक्ष होते. मी ग्रंथप्रदर्शनात दोन दिवस फिरले. प्रत्येक गाळ्यावर पुस्तक उचलायचे, पाठ बघायचे, कव्हर मागे वळवून बघायचे. एका गाळ्यावरचे काका शेवटी म्हणाले, "ताई, आत पण काहीतरी लिहिलंय." मी त्यांना सांगितलं की मी बायंडर आहे. त्यांनी लगेच मागच्या खोक्यातून तीन पुस्तकं काढून दिली, पाठ फुटलेली, आणि विचारलं, हे का होतं? तिथे उभ्या उभ्या मी त्यांना एका पावतीचा कोपरा फाडून कल दाखवला. इतकी वर्षं पुस्तकं विकणाऱ्या माणसाला हे कोणी दाखवलं नव्हतं, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

म्हणून संपादक महाशय, आपल्याकडेही एक मागणं आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं येतात. शेवटी मुखपृष्ठ कोणाचं, पृष्ठं किती, किंमत किती, हे असतं. कधी 'निर्मिती देखणी' असे दोन शब्द असतात. परीक्षण लिहिणाऱ्यांनी ते दोन शब्द लिहिण्याआधी पुस्तक टेबलावर उघडं ठेवून हात काढून घ्यावा, आणि कव्हर एकदा मागे वळवून पाठीच्या कडेवरून अंगठा न्यावा. जे दिसेल ते छापावं. बायंडिंग वाईट असेल तर तसं छापावं. प्रकाशकाने एकदा ते वाचलं की पुढच्या पुस्तकाला तो प्लेट काढण्याआधी बायंडरला फोन करेल. जे वाचक स्वतःचं पुस्तक काढणार आहेत, शाळेचा अंक, संस्थेची स्मरणिका, वडिलांच्या आठवणी, त्यांनी छापखान्यात कार्ड पसंत केलं की त्याचा हातभर कोरा तुकडा, कोणती बाजू शीटची लांब बाजू आहे अशी खूण करून, आपल्या बायंडरकडे पाठवावा. त्या तुकड्यावर तो क्रीज मारून दाखवेल. मोडून बघा, नखाने घासून बघा, आणि मगच छापा.

त्या शिक्षकांचा किस्सा लिहिल्यामुळे माझं नाव छापू नये ही विनंती, ते अजून अधूनमधून दुकानावर येतात. आत्ता हे लिहिते आहे तेव्हा शेजारच्या टेबलावर ६०० कव्हरं फळीखाली पडून आहेत. बाहेर दोन दिवस झड लागली आहे आणि कडा अजून किंचित वर आहेत. उद्या शाळेचा माणूस न्यायला येणार होता, त्याला परवा ये म्हणून कळवलं आहे.

आपली नम्र,
एक बायंडर, गावभाग, सांगली